पट्टा घालून दिलेला शब्द

मालोजीच्या थोरल्या लेकीचं, जनाचं, लग्न झालं ते साल पंचवीस. लग्न वैशाखात होतं. आठ दिवस राहिले असताना मालोजी पत्रावळींसाठी पळसाची पानं आणायला कर्जतच्या बाजारात गेला. डोंगरातल्या वाड्यांवरच्या ठाकरणी नेहमीच्या जागी पाराला पाठ लावून, पानांचे भारे पुढ्यात टाकून बसल्या होत्या. तो समोर जाऊन उभा राहिला तशी त्यांची आपापसातली बडबड थांबली.

"काय गं ठके, कशी दिलीस पानं?"

ठकीने मान वर केली नाही. "इकायची नायत."

"अगं, ढीग पडलाय पुढ्यात. मग आणलीस कशाला?"

"सावलीला."

बाकीच्यांत कुणीतरी फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली. मालोजी शेजारच्या बाईकडे वळला, तर तिने आपला भारा पायाने मागे सारला. तिच्या पलीकडची उठूनच गेली. ठकी हातातल्या काडीने जमीन उकरत राहिली. वीस वर्षं ह्या बायका त्याला दुरून हाका मारायच्या, 'मालूदादा, इकडं ये, ताजी हायत' म्हणून सदरा ओढायचं तेवढं बाकी ठेवायच्या. तो उन्हात उभा राहिला. त्याचा हात आपोआप छातीकडे गेला. आज रजा होती, पट्टा अंगावर नव्हता, तरी डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत त्याला आडवा भार जाणवला, ओल्या फडक्यासारखा. घरी गेल्यावर बायकोने, इंदूबाईने, विचारलं, "पानं कुठायत?" तो म्हणाला, "मिळाली नाहीत." ती म्हणाली, "बाजारात पळसाची पानं मिळाली नाहीत? वैशाखात?" मग कुणाच्या तरी बैलगाडीतून चौक गावाहून पानं आणवली आणि लग्न झालं. पण ठकीचं ते 'सावलीला' त्याच्या कानातून गेलं नाही. मांडवात वाजंत्री वाजत असतानाही ते तिथे होतं.

बावीस वर्षं तो कचेरीत पट्टेवाला होता. तांबडा पट्टा, त्यावर पितळेचा बिल्ला, बिल्ल्यावर मुकुट. अक्षर त्याला येत नव्हतं. कागद कुणाकडे न्यायचा हे तोंडी सांगितलं की तो पोचवायचा आणि आतलं काही सांगायचं असेल तर मामलेदार रावसाहेब एकदा वाचून दाखवायचे. एकदा ऐकलं की त्याच्या डोक्यात राहायचं. त्याच्या ह्या डोक्याचा कचेरीत लौकिक होता आणि त्याला स्वतःला त्याचा थोडा गर्वही होता. लग्नाच्या दोन महिने आधी, फाल्गुनातल्या एका शुक्रवारी सकाळी बातमी आली की कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या वरच्या वाडीतला कमळ्या ठाकूर आणि त्याचा चुलतभाऊ गोमा ह्यांनी जंगलखात्याच्या रखवालदाराला, यशवंत कडूला, बंदुकीच्या धाकाने धरून लेण्यात नेऊन बसवलं आहे, तेव्हा रावसाहेबांनी पहिली हाक मालोजीला मारली. "तू लहानपणी कोंडाण्यालाच होतास ना रे? गुरं राखायला?" तो होय म्हणाला. पुढे तीन दिवस त्याने किती वेळा होय म्हटलं ह्याला गणती नव्हती.

प्रकरण साधं होतं, निदान मालोजीला साधं वाटलं होतं. वाडीची दळी, म्हणजे डोंगरउतारावरचा तुकडा, जिथे झाडांच्या कोवळ्या फांद्यांची कवळं तोडून, त्यांचा राब जाळून ठाकूर नाचणी-वरी करायचे, तो खात्याने त्या वर्षी बंद केला होता. तिथे साग लावायचा होता. कमळ्याच्या धाकट्या भावाने, शुक्राने, तरीही कवळं तोडली. त्याला धरून कर्जतला कोठडीत घातलं. मग कडू बाकीच्यांची नावं लिहायला वाडीवर गेला, आणि कमळ्याने घरातली ठासणीची बंदूक आणली. ती त्याच्या बापाची, धाऊची. डुकरं हाकायला धाऊला परवाना होता. मालोजी आणि धाऊ एकाच वयाचे, एकाच ओढ्यात डुंबलेले. धाऊ मेला तेव्हा मालोजी कचेरीच्या कामात होता. जायला जमलं नाही. हे तीन दिवसांत त्याला वारंवार आठवलं, लेण्याची वाट चढताना गुडघे बोलायला लागले की नेमकं तेव्हाच.

खाली गावात आंब्याखाली टेबल मांडलं होतं. जिल्ह्याहून आलेला गोरा पोलीससाहेब, रावसाहेब, एक कारकून. वर लेण्यासमोरच्या झाडीत शिपाई दगडांआड बंदुका धरून बसले होते. मधली अर्ध्या तासाची चढण मालोजीची. लेण्याच्या तोंडाशी पोचला की उन्हातून एकदम गारठ्यात जायचा आणि डोळ्यांपुढे काही काळ नुसता अंधार असायचा. वटवाघळांच्या विष्ठेचा उग्र वास नाकात जायचा. त्या अंधारातून पहिल्यांदा कमळ्याचा आवाज आला होता.

"कोन त्यो? हाय तितंच ऱ्हा."

"मी मालू. धाऊचा मालू."

"मालूदादा? पोट सुटलं रं तुजं. सरकारचं खाऊन."

गोमा हसला. आतून कडूही हसला, आणि मालोजीला आश्चर्य वाटलं. कडू खांबाला टेकून बसला होता, पाय सुटेच होते, नुसते हात बांधलेले. तो म्हणाला, "मालोजीराव, रावसाहेबांना म्हणावं काय ते लवकर ठरवा. ह्यांची नाचणीची भाकर माझ्या पोटाला सोसत नाही."

"एक दिस खाल्ली तर सोसंना व्हय?" कमळ्या म्हणाला. "आमी जल्मभर खातो. सांग मालूदादा, सरकार काय म्हनतं?"

"सरकार म्हणतं, आधी बंदूक टाका, मग शुक्राचं बघू."

"आन आमी म्हनतो, आधी शुक्रा, मंग बंदूक. जा सांग."

तो खाली आला, सांगितलं. साहेबाने इंग्रजीत काहीतरी विचारलं. रावसाहेब म्हणाले, शुक्राला सोडणं त्यांच्या हातात नाही, खटला मॅजिस्ट्रेटपुढे आहे. मालोजी वर गेला, सांगितलं. कमळ्या म्हणाला, मंग मॅजिस्ट्रेटाला सांग. तो खाली आला. मॅजिस्ट्रेटांचं म्हणणं असं की जंगलखात्याने तक्रार मागे घेतली तरच. जंगलखात्याचा मोठा साहेब दौऱ्यावर होता. त्याला तार केली होती. तो नक्की कुठल्या मुक्कामी आहे हे कळत नव्हतं म्हणून तार तीन ठिकाणी केली होती. मालोजी हे सगळं एकही शब्द न गाळता वर घेऊन गेला. बोलता बोलता त्याला स्वतःचाच आवाज परका वाटायला लागला. कमळ्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"सरकार किती हाईत रं, मालूदादा?"

"एकच."

"मंग एका तोंडानं का नाय बोलत?"

वरच्या अंगाला ठाकुरवाडीच्या घाटात मालगाडी चढत होती, पुढे एक इंजिन, मागे ढकलायला दुसरं, आणि दोन्ही आपापल्या श्वासात धापत होती. चौघेही ती आवाज संपेपर्यंत ऐकत बसले. कडूने तंबाखू मागितली. कमळ्याने स्वतःच्या तळहातावर मळून त्याच्या तोंडाशी धरली. मालोजीला वाटलं, आपण चौघं इथे असे बसलोय, आता उठून चौघांनी खाली चालायला लागावं, संपलं. कोण काय करील? मग त्याला दगडांआडचे शिपाई आठवले. शुक्रवारपासून उन्हात बसलेले, पाण्यावाचून कावलेले, त्यातला एक त्याला येता-जाता म्हणायचा, "काका, आज तरी संपवा हो."

शनिवारी दुपारी तारेचं उत्तर आलं. ते इंग्रजीत होतं. साहेबाने वाचून घडी घातली. त्यात काय होतं हे मालोजीला कुणी सांगितलं नाही. विचारलं तेव्हा रावसाहेब म्हणाले, "विचाराधीन आहे." हा शब्द त्याने वाटेत चार वेळा तोंडात घोळवला आणि वर गेल्यावर कमळ्याला म्हणाला, "विचार चाललाय."

"कोनाचा?"

"साहेबांचा."

"कवा सपंल?"

"उद्या रविवार आहे. सोमवारी."

"रयवारी सरकार बंद असतं का?" गोमाने विचारलं. तो खरोखरच विचारत होता. कमळ्या मात्र उठला आणि बंदुकीचा दस्ता त्याने खांबावर आपटला. कडू दचकून आक्रसला. तेव्हा पहिल्यांदा मालोजीला भीती वाटली. कमळ्याला मारामाऱ्या ठाऊक होत्या, डुकराची शिकार ठाऊक होती. एका जागी बसून उत्तराची वाट बघणं त्याला कधी करावं लागलं नव्हतं. मालोजीने तर सारा जन्म तेच केलं होतं, कचेरीच्या दाराबाहेर बाकावर बसून. कमळ्या म्हणाला, "उद्या दुपारपतूर. मंग ह्या कडूचं काय व्हईल ते मला ठावं नाय. तुज्या सरकारला सांग." कडूने मालोजीकडे पाहिलं. आता त्याच्या तोंडात थट्टा नव्हती. तो म्हणाला, "मालोजीराव, मला तीन पोरं आहेत." इतकंच म्हणाला.

रविवारी सकाळी साहेबाने कागद दिला. रावसाहेबांनी वाचून दाखवला. बंडखोरांनी शस्त्रे आत ठेवून रिकाम्या हातांनी एकेक करून बाहेर यावे. तसे आल्यास गोळी चालवली जाणार नाही. शुक्रा धाऊ ह्याच्या बाबतीत योग्य तो विचार करण्यात येईल. मालोजी म्हणाला, "रावसाहेब, ते कागद मानणार नाहीत. आणभाक मागतील. बेलभंडारा." रावसाहेबांनी साहेबाला सांगितलं, साहेब हसला, आणि रावसाहेब मराठीत म्हणाले, "सरकार शपथ घेत नसतं मालोजी. सरकारचा कागद हीच शपथ." मालोजी उभाच राहिला. "आता काय?" रावसाहेबांनी विचारलं. तो म्हणाला, "काही नाही."

त्या दिवशी चढण संपता संपत नव्हती. रंगपंचमी होती, खाली गावात पोरं ओरडत होती, आणि त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. त्याला राग आला होता. कुणाचा ते नीट कळत नव्हतं. साहेबाचा, कमळ्याचा, तीन ठिकाणी गेलेल्या तारेचा, स्वतःच्या गुडघ्यांचा. ह्या पायांनी तो तीन दिवस लोकांचे शब्द वाहत होता, आणि एकही शब्द असा नव्हता की जो पोचल्यावर काही हललं. वाटेत एका दगडावर तो बसला. बिल्ला तापून छातीला चटका देत होता. त्याने तो सदऱ्याच्या बाहीने पुसला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

कागद ऐकून कमळ्या म्हणाला, "कागुद ऱ्हाऊ दे. बंड कोनी केलं? आमी? ऱ्हाऊ दे त्येबी. बेलभंडारा उचलतं का सरकार?"

"सरकार शपथ घेत नाही."

"तू घे मंग."

"मी कोण?"

कमळ्याने बोट त्याच्या छातीवर टेकलं, बिल्ल्यावर. "ह्यो कुनाचा?"

"सरकारचा."

"ह्यो घालून तू आमच्या वाडीवर येतोस, म्हनतोस सरकारानं बोलावलंय, तवा आमी येतो का नाय? तवा नाय इचारत तू कोन म्हनून. आमच्यासाटी तूच सरकार. पट्टा घालून उचल."

गोमाने कनवटीतून हळदीची पुडी काढली. बेलाचं पान त्यांनी आधीच आणून ठेवलं होतं. तीन दिवस ते दगडावर ठेवलेलं होतं, कडांनी सुकलेलं. ते पाहून मालोजीच्या मनात काहीतरी सैल झालं. म्हणजे पहिल्या दिवसापासून ते ह्याचीच वाट बघत होते. एक माणूस येऊन पान उचलील आणि घरी जायला मिळेल, ह्याची. एवढंच हवं होतं आणि तीन दिवस तारा चालल्या होत्या. त्याने हात पुढे केला. पान तळहातावर आलं, वर हळद. आणि मग तो जे बोलला ते कुणी त्याला वाचून दाखवलेलं नव्हतं. "तुमच्या अंगाला कुणी हात लावणार नाही. शुक्राला आज संध्याकाळच्या आत सोडू." सोडू, असं तो म्हणाला. बोलताना त्याचा आवाज भरदार झाला. पुढे पुष्कळ दिवस त्याला ह्याच गोष्टीची लाज वाटत राहिली की त्या वेळी त्याला बरं वाटलं होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने निरोप नेला नव्हता, दिला होता. आणि खोटं बोलतोय असंही वाटलं नव्हतं. एकदा बेल उचलून बोललं की खालच्यांना ते करावंच लागेल, असं त्याला खरंच वाटलं होतं.

कमळ्याचा चेहरा एकदम पोरासारखा झाला. त्याने कडूचे हात सोडले. मग बंदूक उचलली. मालोजी म्हणाला, "ती इथेच ठेवून यायची."

"हितं? वटवागळांच्या घानीत? बाची हाय ती. आमच्यात बाचं हत्यार भुईला टाकून जात नायत. द्यायची तर दोनी हातांनी दिऊ, सायबाच्या पायाशी ठिऊ. बार काढून टाकलाय, ह्ये बघ."

मालोजीने बघितलं. धाऊ कुणाला काही द्यायचा तर असाच द्यायचा, दोन्ही हातांवर आडवं धरून, साधा विळा असला तरी. त्याला वाटलं, ह्यात वावगं काय आहे. खाली पुढे जाऊन सांगितलं की झालं. "बरं, आण," तो म्हणाला. "मी पुढे जातो, सांगतो. हाक मारली की ये."

कडू उठायला गेला आणि कोसळला. तीन दिवस बसून पाय गेले होते. मालोजीने त्याला बगलेत धरलं, पायऱ्यांवरून उतरवायला लागला. कडू जड होता, रडत होता, पोरांची नावं घेत होता. त्याला सांभाळताना मालोजीचं तोंड खाली होतं. वीसेक पावलं गेल्यावर त्याने झाडीकडे ओरडायला तोंड उघडलं, पण छातीत दम नव्हता, आणि कडूने त्याच्या गळ्याला मिठी मारली होती. मागे कमळ्याने हाकेची वाट पाहिली नाही. इतके दिवस वाट पाहून झाली होती. तो लेण्यातून उन्हात आला, दोन्ही हातांवर बंदूक आडवी धरून. उजेडाने डोळे दिपले म्हणून असेल, तो जरासा वळला, नळी झाडीकडे झाली, आणि दगडांआडून एक बार उडाला, मग चार-पाच एकदम. मालोजी ओरडला तो त्यानंतर. काय ओरडला ते झाडीत कुणालाच कळलं नाही.

गोमा रिकाम्या हातांनी मागून आला आणि तिथेच उकिडवा बसला. शुक्राला संध्याकाळी सोडलं नाही.

चैत्रात चौकशी झाली. कारकुनाने टाक बुडवला आणि मालोजीने सगळं सांगायला सुरुवात केली. बेलभंडाऱ्यापाशी आल्यावर कारकुनाने लिहिणं थांबवलं.

"मी त्याला बंदूक आण म्हणालो, भाऊसाहेब."

"कोणत्या अधिकाराने?"

"अधिकार नाही."

"मग तू म्हणाला नाहीस."

"म्हणालो. ह्या तोंडाने म्हणालो."

"मालोजी, पट्टेवाला निरोप नेतो. निरोप काय होता तो माझ्यापुढे आहे. शस्त्रे आत ठेवून. त्यात बंदूक आण असं नाही, शुक्राला सोडू असंही नाही. म्हणजे ते बोललं गेलं नाही. कडूलाही काही ऐकू आलेलं नाही."

"कडू हातभर अंतरावर होता."

"त्याला शुद्ध नव्हती. त्याने तसं लिहून दिलंय."

"मग माझी चूक कुठे लिहिणार?"

कारकुनाने टाक खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता. "तुझी चूक नाहीच आहे. घरी लग्न आहे ना तुझ्या? अंगठा कर आणि जा." मालोजी उभा राहिला. त्याला वाटलं, आपण जोरात ओरडावं. पण कचेरीत बावीस वर्षांत तो कधी मोठ्याने बोलला नव्हता, आणि ते कसं बोलतात तेही त्याला आठवेना. शाई थंड होती. अंगठा कागदावरून उचलला तेव्हा तिथे गोल गोल रेघा उमटल्या होत्या, आणि त्या रेघांच्या वर काय लिहिलं आहे ते त्याला दिसत होतं पण वाचता येत नव्हतं.

जनाची पाठवणी झाल्यावर चौथ्या दिवशी तो वाडीवर गेला. कमळ्याची आई पारू अंगणात वाळलेली मोहाची फुलं निवडत होती. तिने त्याला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. तो उभ्यानेच बोलला.

"वहिनी, बंदूक घेऊन ये असं त्याला मी सांगितलं."

तिचे हात चालूच राहिले. "सरकारनं काय सांगितलं व्हतं?"

"आत ठेवून यायला."

"आन शुक्राचं?"

"शुक्राला सोडू असं सरकार म्हणालंच नव्हतं. तेही मीच म्हणालो."

पारूने एक किडकं फूल बाजूला फेकलं. मग म्हणाली, "बेल हातात घिऊन?"

"हो."

"मंग माजा पोर तुज्याच शबुदावर भाईर आला म्हन की."

"हो, वहिनी."

"ह्ये त्यांनी लिवून घेतलं का?"

"नाही घेतलं. मी सांगत होतो. नाही घेतलं."

"मी घेतलं," पारू म्हणाली. "जा आता."

कमळ्या धाऊ ठाकूर एकोणीसशे पंचवीस साली, फाल्गुन वद्य पंचमीला, रविवारी, दोन प्रहरी कोंडाण्याच्या लेण्यापुढे गोळी लागून मेला. वय अदमासे तीस. गोमाला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तो अठ्ठावीस साली तुरुंगात रक्ताच्या हगवणीने मेला. शुक्रा सुटून आला आणि पुढे पुष्कळ वर्षं जगला. यशवंत कडू चौतीस सालच्या श्रावणात तापाने गेला. पारू त्याआधी दोन वर्षं, माघात, वाडीवरच वारली. मालोजी अडतीस साली मार्गशीर्षात राहत्या घरी गेला. त्याच्या मरणाची नोंद कचेरीत आहे.